पॉइंट कोण मोजणार? तलवारबाजीचा खेळ आणि आपली प्रात्यक्षिके

(बोदवड येथील व्याख्यानाचे शब्दांकन. बोलण्याचा बाज शक्य तेवढा तसाच ठेवला आहे.)



संयोजकांनी विषय विचारला तेव्हा आम्ही फोनवर एवढंच म्हणालो होतो, 'फेन्सिंगचा इतिहास'. आज सभागृहात शिरताना एका शेतकरी भाऊंनी दारातच गाठलं. म्हणाले, "भाऊ, तारेच्या कुंपणाले सबसिडी भेटते का, तेबी सांगजा." (हशा)

त्यांचं काही चुकलं नाही. आपल्या भागात फेन्सिंग म्हणजे रानडुकरं कपाशीत शिरू नयेत म्हणून ओढलेली तार. आणि गंमत अशी, की इंग्रजीत हे दोन्ही शब्द एकाच घरचे आहेत. शेताचं फेन्सिंग आणि तलवारीचं फेन्सिंग, दोन्हींच्या मुळाशी 'बचाव' हाच अर्थ आहे. आपल्याकडचा शब्द 'तलवारबाजी'. हा शब्द ऐकला की आपल्या डोळ्यांपुढे हल्ला येतो, उगारलेला हात येतो. पण 'बाजी' हा फारसी शब्द, त्याचा अर्थ खेळ. पतंगबाजीतली बाजी तीच. म्हणजे आपल्या शब्दातही खेळ आहेच. आपण तो ऐकत नाही, एवढंच.

आज जे सांगायचं आहे ते एका छोट्या प्रसंगावरून सुचलं. खानदेशातलंच एक तालुक्याचं गाव, नाव सांगत नाही. तिथल्या शाळेत दोन-चार मुली फेन्सिंग खेळतात, म्हणजे पांढरा पोशाख, जाळीचा मुखवटा, हातात सेबर. शिवजयंतीच्या कार्यक्रमात त्यांनी रंगमंचावर तलवारबाजी करून दाखवावी असं ठरलं. नऊवारी, डोक्याला फेटा, मागे तुतारी. बैठकीत सगळं पक्कं झालं, तेव्हा आठवीतली एक मुलगी उभी राहिली आणि म्हणाली, "सर, पण पॉइंट कोण मोजणार?"

बैठकीतली मोठी माणसं हसली. आम्हीही हसलो, हे कबूल करतो. घरी गेल्यावर लक्षात आलं, की तलवारबाजीच्या इतिहासातला मुख्य प्रश्न तिनं विचारला होता. प्रात्यक्षिक आणि लढत यांतला फरकच तिनं विचारला होता. प्रात्यक्षिकात कोणी हरत नाही. लढतीत एकाला हरावंच लागतं. आणि आपण महाराष्ट्रात तलवारीचं जे काही केलं, भाषणं केली, पुतळे केले, सिनेमे केले, पथकं केली, त्यात हरण्याची सोय कुठे ठेवली, हे आम्ही शोधू लागलो.

आधी भाषणांबद्दल. क्रीडा स्पर्धेचं उद्घाटन असलं की एक ठरलेला परिच्छेद येतो: तलवारबाजी हा आपल्या मावळ्यांचा खेळ, तो परकीयांनी उचलला, आज तो ऑलिंपिकमध्ये आहे. हे ऐकायला बरं वाटतं. पण दांडपट्टा हातात घेऊन पाहा, म्हणजे कळेल. पट्ट्याच्या मुठीवर लोखंडी खोबणी असते, ती कोपरापर्यंतचा हात झाकते. आत मूठ आडवी धरायची. त्यामुळे मनगट जवळपास बंद होतं आणि वार खांद्यातून, कमरेतून, सगळ्या अंगाच्या फेऱ्यातून निघतो. फेन्सिंगच्या फॉइलचं उलट आहे. तिथे सगळा कारभार बोटांचा. खांदा हलला की तुम्ही उशीर केलात. ही दोन शास्त्रं एकमेकांची आई-मुलगी होऊच शकत नाहीत. आजच्या फेन्सिंगची तिन्ही हत्यारं, म्हणजे फॉइल, इपी आणि सेबर, इटली, फ्रान्स आणि हंगेरीच्या तालमींतून घडली.

पण म्हणून देवाणघेवाण नव्हती असं नाही. होती, आणि ती भाषणातल्यापेक्षा उलट्या दिशेची होती. मराठ्यांच्या तलवारीला एक नाव आहे, 'फिरंग'. नावातच सगळं आलं. पातं युरोपातून बंदरावर उतरायचं आणि मूठ इथे दख्खनमध्ये चढायची. कितीतरी पट्ट्यांची पातीसुद्धा परदेशी. २०२५ साली नागपूरच्या रघुजी भोसल्यांची तलवार राज्य शासनानं लंडनच्या लिलावातून घेतली, ऑगस्टमध्ये ती मुंबईत आली, मोठं स्वागत झालं. तिचं पातं युरोपीय बनावटीचं आहे. आम्हाला यात कमीपणा वाटत नाही. उत्तम पोलाद जिथे मिळेल तिथून आणावं आणि आपल्या हाताला बसेल अशी मूठ करावी, हा व्यवहारी शहाणपणा झाला. आपले पूर्वज पातं बाहेरून घ्यायला लाजत नव्हते. आपण मात्र खेळाचा उगम बाहेरचा म्हणायला लाजतो.

आता युरोपात तलवारीचा खेळ झाला कसा, ते जरा निवांत पाहू.

सोळाव्या शतकात इटलीत वस्ताद लोक पुस्तकं लिहू लागले. मारोत्सोचं पुस्तक १५३६ चं, अग्रिप्पाचं १५५३ चं. ही पुस्तकं माणूस मारायची आहेत, त्यात लपवाछपवी नाही. एका हातात तलवार आणि दुसऱ्या हाताला अंगावरचा झगा गुंडाळून वार कसा झेलायचा, हेही मारोत्सो शिकवतो. हा झगा लक्षात ठेवा, आपण पुन्हा त्याच्याकडे येणार आहोत.

पुढे पातं बारीक झालं, टोकावर बोंड आलं. सरावाची तलवार वेगळी झाली. पण बोथट टोकानंही डोळा जातोच. म्हणून तालमींनी एक रिवाज पाडला: समोरच्यानं आधी हल्ला सुरू केला असेल, तर तुम्ही तसंच हात पुढे करून त्याच्यावर धावायचं नाही. आधी त्याचं पातं बाजूला सारा, मग तुमची पाळी. आज फॉइल आणि सेबरमध्ये याच रिवाजावर पॉइंट ठरतो. दोघांचेही दिवे लागले, तर हल्ल्याचा हक्क कोणाकडे होता हे पंच सांगतो. म्हणजे मुळात डोळे वाचवायला केलेली गोष्ट खेळाचं व्याकरण होऊन बसली. फ्रेंच वस्ताद अशा एका देवाणघेवाणीला जो शब्द वापरतात, त्याचा अर्थच 'वाक्य' असा आहे. एकानं बोलायचं, दुसऱ्यानं ऐकून उत्तर द्यायचं. आपल्या टीव्हीवरच्या चर्चांपेक्षा बरंच म्हणायचं.

अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात तारेच्या जाळीचा मुखवटा आला. हा मुखवटा म्हणजे आमच्या मते या खेळाचा खरा जन्मदाखला. कारण आता पूर्ण वेगानं मारता येऊ लागलं, आणि मार खाल्लेला माणूस संध्याकाळी जेवायला घरी जाऊ लागला. आज हरलेला उद्या पुन्हा येऊ शकतो, ही सोय झाली की खेळ सुरू होतो. लंडनमध्ये दोमेनिको अँजेलोची तालीम होती, त्याचं सचित्र पुस्तक १७६३ चं. त्याच्याकडे सरदारांची मुलं येत ती अंग कमावायला, चालण्या-बोलण्याला डौल यावा म्हणून. युद्धात तलवारीचं काम कमी होत चाललं होतं, तसतसं तालमीत ते वाढत होतं.

हे सगळं फार सभ्यपणे झालं असंही समजू नका. इपी हे हत्यार तर द्वंद्वाच्याच सरावासाठी ठेवलं गेलं. म्हणून त्यात हल्ल्याचा हक्क वगैरे नाही. अंगावर कुठेही टोचा, जो आधी टोचेल त्याचा पॉइंट. फ्रान्समध्ये राजकारणी आणि संपादक एकमेकांना द्वंद्वाची आव्हानं देत. आणि हे किती उशिरापर्यंत? १९६७ साली, म्हणजे आपल्याकडे कोयनेचा भूकंप झाला त्या वर्षी, गास्ताँ देफेर आणि रेने रिबिएर या दोन फ्रेंच खासदारांनी संसदेतल्या अपशब्दावरून तलवारी उपसल्या. रिबिएरला दोनदा लागलं आणि प्रकरण मिटलं. असो.

१८९६ च्या पहिल्या आधुनिक ऑलिंपिकपासून तलवारबाजी आहे. त्या अथेन्समध्ये एक स्पर्धा खास वस्तादांसाठी होती आणि ती ग्रीसच्याच लिओनिदास पिर्गोसनं जिंकली. १९१३ साली पॅरिसला आंतरराष्ट्रीय महासंघ झाला आणि देशोदेशींचे नियम एका कागदावर आले. बायकांना मात्र दार हळूहळू उघडलं. फॉइल १९२४ ला, इपी १९९६ ला आणि सेबर थेट २००४ ला. सेबरचं साल लक्षात ठेवा.

हंगेरीबद्दल थोडं जास्त बोलतो, कारण त्यांची गोष्ट आपल्याला लागू आहे. तेही घोडदळाच्या अभिमानावर पोसलेले लोक. हुसार म्हणजे हलकं, वेगवान घोडदळ, आपल्या शिलेदार-बारगिरांसारखंच. त्यांनीही वाकड्या तलवारीचे पुतळे केले, गाणी केली. पण त्याबरोबर त्यांनी इटलीहून इतालो सान्तेल्ली नावाचा वस्ताद बुडापेस्टला आणला आणि 'आमची परंपरा' बाजूला ठेवून पायाच्या हालचालीपासून शिकायला बसले. मग १९०८ ते १९६४ पर्यंत पुरुषांचं वैयक्तिक सेबरचं सुवर्णपदक १९२० चा अपवाद सोडला तर दर वेळी हंगेरीकडे गेलं. आणि १९२० साली त्यांना बोलावलंच नव्हतं.

आता आपल्याकडे वळू. इथे आमचा मुद्दा नीट ऐका, कारण 'युरोपियन लोकांनी शोधलं, आपल्याला सुचलंच नाही' असं आम्ही म्हणत नाही. सुचलं होतं. आपल्याकडे फरी-गदका होता. फरी म्हणजे लहान ढाल. गदका म्हणजे तलवारीऐवजी घ्यायची काठी, वरून चामड्यानं मढवलेली. बोथट हत्यार झालं की नाही? आणि बोथाटी तर त्याहून पुढची. घोड्यावरून खेळायचा लांब भाला, टोकाला अणीऐवजी मऊ गोळा, आणि तो गोळा रंगात बुडवलेला. का? तर कोणाला कुठे लागलं ते अंगरख्यावर उमटावं म्हणून. ज्या कामासाठी युरोपनं पुढे विजेची तार आणली, ते काम आपल्या स्वारांनी रंगाच्या भांड्यात केलं होतं.

मग अडलं कुठे? नियम करायची अक्कल नव्हती म्हणावं, तर तेही खोटं. खो-खोचे नियम पुण्याच्या डेक्कन जिमखान्यानं १९१४ च्या सुमारास बांधले. हुतुतूचे नियम बडोद्याच्या हिंद विजय जिमखान्यानं १९२३ ला छापले. त्याच माणसांनी, त्याच दशकांत. कुस्तीला तर जिंकण्या-हरण्याची ददातच नव्हती. पाठ मातीला लागली की चीतपट, गावजत्रेतल्या शेंबड्या पोरालाही निकाल कळतो. मग फरी-गदक्याच्याच वाट्याला नियमांचं पुस्तक, संघटना, स्पर्धा का आली नाही?

आमचा तर्क असा. १८७८ चा शस्त्रकायदा आला आणि हत्यार बाळगायला परवाना लागू लागला. त्यानंतर आखाड्यातली काठी ही नुसती काठी राहिली नाही. ती नसलेल्या तलवारीच्या जागी उभी होती. बडोद्याला जुम्मादादा व्यायाम मंदिरात प्रोफेसर माणिकरावांनी शेकडो मुलांना एकदम, देशी भाषेतल्या हुकुमांवर कवायत शिकवली. उद्देश उघड होता: समाज उभा करायचा. तिथे एका पोराला दुसऱ्या पोराकडून हरवून काय साधणार? सगळ्यांचे हात एका ताला-लयीत उठले पाहिजेत. त्या काळाला ते शोभलं, आणि आम्ही त्याला नावं ठेवणार नाही. पण किंमत मोजावी लागली. हत्याराचे खेळ लढतीतून निघाले आणि संचलनात गेले.

याची साक्ष एका मोठ्या ग्रंथात आहे. दत्तात्रय चिंतामण मुजुमदारांनी बडोद्याहून 'व्यायाम ज्ञानकोश' काढला, दहा खंड, १९३६ ते १९४९. मराठीत एवढं काम व्यायामावर पुन्हा झालं नाही. फरी-गदका, पट्टा, बोथाटी, जंबिया, सगळं त्यात आहे. चित्रं आहेत, पवित्रे आहेत, हात कसा फिरवायचा ते पायरीपायरीनं आहे. हा कोश नसता तर यातलं निम्मं आज कोणाला ठाऊकही नसतं. तरीही टीकाकार म्हणून सांगायला हवं, की त्याचं सगळं बळ 'कसं करावं' यावर आहे. कोण कोणाशी लढला, कोणता डाव कोणत्या डावापुढे पडला, याची भूक त्याला नाही. क्रिकेटच्या पुस्तकात धावफलक असतो, आणि पडलेल्या विकेटीही असतात. इथे विद्या आहे, पण धावफलक नाही.

१९३६ हे साल पुन्हा घ्या. कोशाचा आरंभ याच सालचा. आणि याच साली अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचं पथक बर्लिन ऑलिंपिकला गेलं. ही माणसं रेल्वेनं मुंबईला गेली असतील, तर बडनेऱ्याहून भुसावळकडे याच रुळांवरून, आपल्या बोदवड स्टेशनावरून गेली असणार. तिथे त्यांनी आपल्या खेळांची प्रात्यक्षिकं केली आणि लोकांनी वाखाणली. त्याच बर्लिनमध्ये, त्याच दिवसांत, ऑलिंपिकमध्ये पहिल्यांदा इपीला वीज जोडली गेली. त्याआधी एक मुख्य पंच आणि चार बाजूंना चार साहाय्यक डोळे ताणून बघत बसायचे, आणि तंटे व्हायचे. आता टोक दाबलं की दिवा. आम्हाला हे चित्र फार छळतं. एका बाजूला लागलं की नाही हे मोजायचं यंत्र आलं, आणि दुसऱ्या बाजूला, ज्यांच्या पूर्वजांनी बोथाटीचा गोळा रंगात बुडवला होता ती माणसं, कोणालाही न लागणारं प्रात्यक्षिक करत होती.

खेळ झाला म्हणजे जग सुधारलं असंही नाही, ते त्याच बर्लिननं दाखवलं. सेबरचं सुवर्ण हंगेरीच्या एन्द्रे काबोशनं जिंकलं. तो ज्यू होता. १९४४ साली बुडापेस्टचा मार्गारेट पूल स्फोटात कोसळला, त्यात तो गेला. तेव्हा ज्यूंना सक्तीच्या मजुरीला जुंपलेलं होतं. सुवर्णपदकानं त्याला काही वाचवलं नाही.

आता सिनेमा. हे ऐकून काही जण चिडतील, पण बोलायला हवं. भालजी पेंढारकरांच्या 'छत्रपती शिवाजी'पासून, म्हणजे १९५२ पासून, ते 'तान्हाजी' आणि 'पावनखिंड'पर्यंत आपण पडद्यावर तलवार पाहतो आहोत. तंत्र कुठल्या कुठे गेलं. पण लढाईची रचना तीच राहिली: मध्ये एक वीर, भोवती दहा शत्रू, आणि ते दहा जण रेशनच्या रांगेत उभे राहिल्यासारखे आपापला नंबर येईपर्यंत थांबलेले. वार एवढा मोठा, की उगारायला लागणाऱ्या वेळात समोरचा दोन घोट चहा पिऊन घेईल. सिनेमात थोडं मोठं करून दाखवावं लागतं, हे आम्हाला मान्य आहे. ब्रिटनचा बॉब अँडरसन १९५२ च्या ऑलिंपिकमध्ये तलवार खेळला आणि पुढे हॉलिवुडच्या कितीतरी गाजलेल्या लढती त्यानं बसवल्या. त्याच्या लढतीही खऱ्या नाहीत. पण त्यात दोन बाजू विचार करताना दिसतात. एक फसवतो, दुसरा फसतो, मग सावरतो. आपल्याकडे शत्रूला विचार करू द्यायची पद्धत नाही. तो मरायला आलेला असतो.

यात नुकसान शत्रूचं होत नाही, आपल्या वीराचं होतं. तानाजी मालुसऱ्यांची ढाल तुटली आणि त्यांनी डाव्या हाताला शेला गुंडाळून त्यावर वार झेलले, असं परंपरा सांगते. मघाशी मारोत्सोचा झगा लक्षात ठेवायला सांगितलं होतं. तीच विद्या! हजारो कोस दूरच्या वस्तादानं पुस्तकात शिकवलेली गोष्ट आणि सिंहगडावरच्या कथेतली गोष्ट जुळते. ढाल गेल्यावर काय करायचं हे त्या माणसाला ठाऊक होतं, म्हणजे त्यानं ते आधी कधीतरी शिकलं असणार, सरावात चुकलं असणार, कोणाच्या तरी गदक्याचा फटका मनगटावर खाल्ला असणार. आपण मात्र तो शेला फक्त त्वेषाची खूण म्हणून दाखवतो. पार्श्वसंगीत वाढतं आणि विद्या झाकली जाते. ज्याला कधी कोणी हरवलं नाही असा वीर आपल्याला हवा असतो. पण तसा माणूस शिकतो कुठे, हे कोणी विचारत नाही.

मिरवणुकीतल्या आखाड्यांचंही थोडं तसंच. आपल्याकडे गणपतीच्या मिरवणुकीत पट्टा फिरवणारे पाहिले असतील. जिवंत माणसाच्या तळहातावर लिंबू ठेवून धारदार पात्यानं ते कापतात. कसब खरं आहे, आणि जीवही खराच धोक्यात असतो. आम्ही ते पाहताना श्वास रोखतो, अजूनही. पण लिंबाला पवित्रा नसतो. २०२४ साली राज्य शासनानं दांडपट्ट्याला राज्यशस्त्राचा मान जाहीर केला. मान योग्यच आहे. त्याच्या सोबतीला फरी-गदक्याची एखादी नियमावली आली असती, तर आम्हाला जास्त आनंद झाला असता.

आणि हे होऊ शकतं. पंजाबात झालं. तिथला गतका आणि आपला गदका हा एकच शब्द. तिथेही फरी आहे, सोटी आहे. त्यांनी गुरुद्वाऱ्यासमोरचं प्रात्यक्षिक तसंच चालू ठेवलं आणि शेजारी वेळ, पंच, गुण असलेली लढतही उभी केली. २०२३ च्या गोव्यातल्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धेत गतका होता. आपण तिथे बसून कौतुकानं बघितलं.

फेन्सिंगचं म्हणाल, तर देशाची संघटना १९७४ ची, सरकारी मान्यता १९९७ ची. महाराष्ट्रात छत्रपती संभाजीनगर आणि नाशिककडे खेळ चांगला रुजला. बाकी ठिकाणी साहित्याच्या किमतीशी झगडा असतो. पोशाख, मुखवटा, विजेची तार जोडता येईल असं पातं. कपाशीच्या भावावर चालणाऱ्या घराला विचारून पाहा. काही पालक शासकीय नोकरीतल्या पाच टक्के खेळाडू आरक्षणाकडे बघून मुलांना पाठवतात. पाठवू देत. निदान मुलं खेळतात तरी.

साहित्याच्या अडचणीतूनच भवानी देवी आली. चेन्नईची मुलगी. शाळेत बाकीच्या खेळांच्या जागा भरल्या होत्या, म्हणून २००४ साली तिनं तलवारबाजी घेतली. वर सांगितलं ना, बायकांचं सेबर ऑलिंपिकमध्ये आलं तेच साल. महागडी पाती स्पर्धेपुरती जपून ठेवायची म्हणून सुरुवातीचा सराव तिनं बांबूच्या काठ्यांवर केला. म्हणजे भारताच्या पहिल्या ऑलिंपिक तलवारपटूच्या हातात सुरुवातीला होता तो एक प्रकारे गदकाच! टोकियोत, २०२१ च्या जुलैत, तिनं पहिली लढत १५–३ अशी जिंकली. दुसरीत फ्रान्सच्या मानों ब्रुनेकडून ७–१५ अशी हरली. ब्रुने तेव्हा जगात पहिल्या काहींत होती. आणि त्या रात्री भवानी देवीनं काय केलं? समाजमाध्यमावर लिहून देशाची माफी मागितली.

हे वाचल्यावर आम्ही बराच वेळ गप्प होतो. सव्वाशे वर्षांत ज्या खेळात भारताचं कोणी तिथे पोचलंच नव्हतं, तिथे पोचून, एक लढत जिंकून, दुसरी जगातल्या अव्वल खेळाडूकडून हरली, तर माफी? हरणं हा त्या खेळाचा अर्धा भाग आहे. त्यासाठी माणसांनी मुखवटा शोधला. १९८२ साली रोममध्ये सोव्हिएत संघाचा ऑलिंपिक विजेता स्मिर्नोव्ह समोरच्याचं मोडलेलं पातं मुखवटा भेदून गेल्यानं मेला, तेव्हा सगळ्या जगानं पात्यांचं पोलाद आणि मुखवट्याची जाळी बदलली. एवढा खटाटोप कशासाठी? हरलेल्यानं सुखरूप घरी जावं, म्हणूनच ना? आणि आपल्या मुलीला घरी यायला माफीनामा लागतो. दोनच वर्षांनी, २०२३ च्या आशियाई अजिंक्यपद स्पर्धेत तिनं जपानच्या विश्वविजेत्या मिसाकी एमुराला हरवून कांस्य घेतलं. त्यासाठी कोणी माफी मागितल्याचं ऐकिवात नाही.

तर आता त्या शाळेतल्या कार्यक्रमाचं काय झालं, ते सांगून थांबतो.

मुलीनं हट्ट सोडला नाही. शेवटी सर म्हणाले, ठीक आहे, पाच पॉइंटांची खरी लढत घेऊ. यंत्र नव्हतं, म्हणून सरांनी जुनी पद्धत काढली. स्वतः मध्ये उभे राहिले आणि चार कोपऱ्यांत चार मुली उभ्या केल्या. फळा आणला, खडू आणला. फेटे उतरले, कारण मुखवट्याखाली फेटा बसत नाही. दोघींनी एकमेकींना सलामी दिली आणि लढत सुरू झाली. प्रेक्षकांना काही कळेना. तलवारी एकमेकींवर नीट आपटेनात, सगळं दोन-तीन सेकंदांत व्हायचं आणि सर हात वर करायचे. टाळी कधी वाजवायची, यावर लोक एकमेकांकडे बघत होते. तुतारीवाला दोनदा चुकीच्या वेळी वाजला. प्रश्न विचारणारी मुलगी आधी पुढे होती, मग घाई केली, आणि हरली. तिनं मुखवटा काढला, समोरच्या मुलीशी हात मिळवला. रिवाजच आहे तसा.

निवेदकांनी माइक घेतला आणि मोठ्या उत्साहानं जाहीर केलं, "आपल्या दोन्ही रणरागिणी आज विजयी झाल्या आहेत!" दोघींना एकसारखी मानचिन्हं दिली. प्रचंड टाळ्या. फोटो झाले.

खाली उतरल्यावर ती मुलगी आमच्याजवळून गेली. आम्ही 'छान खेळलीस' म्हणालो, म्हणतात तसं. ती थांबली. फळा अजून रंगमंचावरच होता आणि कोणीतरी तो पुसायला घेतला होता. ती म्हणाली, "सर, पाच-तीन झालं. त्यांनी सांगितलं नाही." मग सरांकडे धावत गेली, आणि फळा पुसायच्या आत त्यांच्या वहीत आकडा लिहून घेतला.